धोडपची १० जून

सायखेडा गोदाकाठी मोठ्या मोक्याच्या जागी आहे. वरच्या अंगाला नाशिकलगत आनंदवल्ली, जिथं माधवराव पेशव्यांचे काका राघोबादादा पुण्याशी बिनसलं की जाऊन राहत. खालच्या अंगाला कोपरगाव, जिथं ११ डिसेंबर १७८३ रोजी ते वारले. उत्तरेला सातमाळ्याच्या रांगेत धोडप, जिथं पुतण्याने त्यांना धरलं. पेशव्यांच्या घरातली यादवी निम्मी आपल्याच नाशिक जिल्ह्यात घडली, पण तिचं स्मरण कुठं दिसतं का?

पानिपतानंतर माधवराव सोळाव्या वर्षी गादीवर आले आणि काकाला कारभार सोडवेना. १२ नोव्हेंबर १७६२ला आळेगावला माधवराव काकाकडून हरले. फौज वाचवायला स्वतःच उठून काकाच्या छावणीत गेले. पुढच्याच वर्षी राक्षसभुवनावर दोघांनी मिळून निजामाला लोळवलं. भाऊबंदकीचं हे असंच असतं, बांधावरून डोकी फोडायची आणि लग्नकार्यात एका पंगतीला बसायचं. पण दादांना अर्धं राज्य हवं होतं, आणि माधवराव वाटणीला तयार नव्हते.

१७६८ साली दादांनी पुन्हा उचल खाल्ली. ग्रांट डफने त्यांची फौज पंधरा हजारांवर सांगितली आहे. पहिला तळ गोदावरीच्या काठी, नंतर धोडपच्या परिसरात. दमाजी गायकवाडांनी मुलगा गोविंदराव कुमकेला धाडला होता, होळकरांचे दिवाण गंगोबातात्या चंद्रचूड पाठीशी होते, आणि नागपूरहून जानोजी भोसले येतील ही आशा होती. माधवरावांनी नेमकं हेच हेरलं. जानोजी पोचायच्या आत आणि पावसाने वाटा बंद व्हायच्या आत त्यांनी धोडप गाठला. १० जूनला दादांची फौज उधळली. दादा गडावर चढले, वेढा पडला, शरण आले. पुढचा मुक्काम शनिवारवाड्यात, नजरकैदेत.

इतिहासाच्या पुस्तकात हे दोन ओळींत आटपतं. गावाच्या बाजूने पाहिलं तर हिशेब निराळा. जून म्हणजे कडब्याच्या गंजी तळाला लागलेल्या, नवं गवत अजून यायचंय, पेरणीसाठी बैल तगवायचेत. अशा वेळी हजारो घोड्यांचा तळ पडला की आधी दावणीची वैरण जायची, मग छपराचं गवत. फौज मित्राची की शत्रूची, हे घोड्याला कळत नाही. इथं तर ते गावालाही सांगता आलं नसतं, दोन्हीकडे जरीपटका एकच. पेशवाईत लष्कराने केलेल्या पायमल्लीबद्दल सारा सोडत, पण सूट मिळेपर्यंत बैल कशावर जगायचे?

अशी झळ दुसरीकडे स्मरणात राहिलेली दिसते. अमेरिकेच्या यादवीत जुलै १८६३मध्ये दक्षिणेच्या बाजूचे जॉन हंट मॉर्गनचे घोडेस्वार इंडियाना आणि ओहायोत घुसले. आज त्या वाटेवर जागोजागी फलक आहेत, आणि नेलेल्या घोड्यांच्या भरपाईसाठी लोकांनी केलेल्या दाव्यांची कागदपत्रंही आहेत. आपल्याकडे १४ जानेवारीला लोक पार हरियाणात पानिपतला जातात, ते योग्यच. पण १० जूनला धोडपला कोणी निघाल्याचं ऐकिवात नाही. जातात ते ट्रेकर, माथ्याजवळच्या त्या प्रचंड खाचेपाशी फोटो काढायला.

दादांच्या आठवणी आहेत त्या लढाईच्या नव्हेतच. आनंदवल्लीचा नवश्या गणपती दादा आणि आनंदीबाईंच्या नवसाचा, असं सांगतात. कोपरगावात वाडा दाखवतात. माणूस लक्षात राहिला, कारण नारायणरावांचा खून आणि इंग्रजांशी सुरतेचा तह त्याच्या नावाला चिकटला. धोडपला ना परका हरला, ना आपला जिंकला. अशा दिवशी फेटे कोणासाठी बांधायचे?

तरी फलक लावायचा झालाच तर तो गडावर नको. पायथ्याच्या हट्टी गावात, वाटेच्या तोंडाशी लावावा. त्यावर काका-पुतण्याची नावं असावीतच, पण त्या जूनमध्ये दावणी कोणाच्या रिकाम्या झाल्या, ते आधी लिहावं.