शेतावरचे लाकडी घर

दिनांक १० जुलै २०२४ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली, नांदेड व परभणी जिल्ह्यांत जमीन हादरली. तीव्रता ४.५ होती. त्याच वर्षी २१ मार्चच्या पहाटे एवढ्याच तीव्रतेचा धक्का बसला होता आणि काही मिनिटांतच दुसरा, त्याहून सौम्य. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे व आसपासच्या गावांतील लोक तर भूगर्भातून येणाऱ्या गूढ आवाजांना कित्येक वर्षे सरावले आहेत. सुदैवाने यांपैकी कशातही किल्लारीची पुनरावृत्ती झाली नाही; परंतु मराठवाड्यातील मनुष्य किल्लारी विसरू शकत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपी गेली असता, आठ हजारांच्या आसपास माणसे आपल्याच घरांखाली गाडली गेली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, हीच त्या घरांची रचना होती. उन्हाळ्यात जे ओझे गारवा देत होते, तेच त्या पहाटे जीवघेणे ठरले.

या पार्श्वभूमीवर शेतावर राहण्यासाठी तयार लाकडी केबिन घेण्याचा विचार हिंगोली परिसरातील व्यापारी कुटुंबांनी केला तर तो केवळ हौस म्हणून सोडून देता येणार नाही. पेढी बाजारपेठेत आणि जमीन गावाबाहेर, अशी अनेक घरांची स्थिती आहे. हळद काढणे, शिजवणे, वाळवणे या महिन्यांत शेतावर मुक्काम पडतोच. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून या पिकाकडे पाहण्याची दृष्टीही बदलली आहे. कारखान्यात कापून, खाचा पाडून आणलेले एका खोलीचे घर मालमोटारीतून येते व थोड्याच दिवसांत उभे राहते. ते वजनाने हलके असते, लाकूड वाकते पण दगडासारखे ढासळत नाही, आणि सांधे नीट जोडलेले असतील तर धक्का पचवते.

मात्र हलकेपणा हा भूकंपात गुण असला तरी वादळात दोष ठरतो. वैशाखातील वळवाचा पाऊस पत्रे कसे उडवतो हे येथे कोणाला सांगावयास नको. म्हणून केबिन केवळ विटांवर टेकवून ठेवणे हा शुद्ध अविचार होय. काँक्रीटचे खांब जमिनीत घेऊन, त्यांत आधीच बसवलेल्या बोल्टांनी तळाची चौकट आवळून घ्यावी लागते. त्यातही आपली जमीन काळी. ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. वरवरचा पाया तिच्याबरोबर हलतो आणि मग दारे अडू लागतात. पाया भेगांच्या खोलीच्या खाली, कठीण मुरमापर्यंत नेणे हाच उपाय. त्याचा खर्च विक्रेत्याच्या दरपत्रकात बहुधा नसतो.

दरपत्रकाविषयी थोडे विस्ताराने सांगणे प्राप्त आहे. उदाहरणादाखल केबिनची मूळ किंमत सहा लाख रुपये धरू. अशा पूर्वनिर्मित इमारतींवर वस्तू व सेवा कराचा रूढ दर १८ टक्के. म्हणजे एक लाख आठ हजार येथेच वाढले. वाहतूक, उतरवून घेण्यास क्रेन, पाया, वीज, पाणी व शौचालय हे सारे निराळे. गृहकर्ज मिळेल या भरवशावर मात्र कोणी राहू नये. उचलून नेता येणारी वस्तू तारण म्हणून बँकेला फारशी रुचत नाही, आणि खालची जमीन शेतीची असेल तर अधिकच नाही. आयकराच्या नियमांत निव्वळ तात्पुरत्या लाकडी बांधकामांना ४० टक्के घसारा दिलेला आहे, तो पाहून काहींना मोह होतो. पण हा घसारा व्यवसायासाठी वापरलेल्या वास्तूचा आहे. कुटुंबाच्या मुक्कामाची खोली पेढीच्या वहीत घालणे म्हणजे पुढील तपासणीस आमंत्रण देणे होय.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. मराठवाड्यातील शेतजमिनीस हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० लागू आहे. जो शेतकरी नाही त्याने आधी केबिन पसंत करून मग जमीन शोधू नये. जमीन महसूल संहितेच्या कलम ४१ मध्ये शेतीच्या सोयीसाठी इमारत उभारण्याची मुभा आहे. तीच खोली पर्यटकांना भाड्याने दिली की वापर अकृषिक होण्याचा प्रश्न उभा राहतो. बोल्टवरचे घर आहे, त्याला परवानगी कशाला, हा विक्रेत्याचा युक्तिवाद तहसील कार्यालयात टिकेलच असे नाही.

जैन कुटुंबाला सर्वांत अवघड प्रश्न पडतो तो वाळवीचा. लाकूड म्हटले की वाळवी आली, आणि वाळवी आली की औषध फवारणारा आला. येथे खरेदीपूर्वीची सावधगिरीच उपयोगी पडते. कारखान्यातच बंद टाकीत दाबाखाली रसायन मुरवलेले लाकूड मिळते. लाकूडसंरक्षणासाठी भारतीय मानक ४०१ आहे, त्याप्रमाणे प्रक्रिया झाल्याचा दाखला मागावा. असे लाकूड वाळवीचे खाद्यच राहत नाही. घर जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच ठेवावे व प्रत्येक खांबावर कडा खाली वळवलेली धातूची टोपी बसवावी. वाळवी मातीची नळी बांधूनच वर चढते. टोपीमुळे ती नळी बाहेरून वळसा घेते व दिसते. पावसाळ्यात दर पंधरवड्यास वाकून पाहिले आणि नळी सुरू होतानाच कुंचल्याने झाडली, तर फवारणीची वेळ सहसा येत नाही. घराखाली सरपण, गोण्या किंवा पुठ्ठे साठवले की ही सारी व्यवस्था निरर्थक होते. तांबे, क्रोम व आर्सेनिक मुरवलेल्या लाकडाचे तुकडे चुलीत अथवा हळदीच्या भट्टीत कदापि जाळू नयेत. तो धूर व ती राख विषारी असते.

उन्हाचे काय? माळवदाचा गारवा दीड-दोन इंची फळीत शोधू नये. वैशाखात अशी खोली दुपारी तापतेच. सारी मदार छपरावर आहे. पत्र्याखाली उष्णतारोधक थर, मध्ये हवा खेळण्यास जागा, आणि भिंतींच्या पुढे तीन फूट तरी आलेली पडवी. हीच पडवी पावसाळ्यात भिंती कोरड्या ठेवते. पैसे कमी पडत असतील तर खोली लहान करावी, पण पडवी कापू नये.

कोरड्या उन्हाळ्यातून दमट श्रावणात जाताना लाकूड फुगते व पुन्हा आक्रसते. फळ्या खिळ्यांनी घट्ट ठोकल्या तर त्या तडकतात. म्हणून त्यांना सरकण्यास जागा लागते, आणि दारा-खिडक्यांच्या वरही थोडी फट सोडावी लागते. पहिल्या वर्षी हे घर किंचित खाली बसते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पावसाळ्यापूर्वी बाहेरून तेलाचा हात द्यावा. उकळलेले जवसाचे तेल चांगले; आपल्या भागात जवस अपरिचित नाही. मात्र तेलाने भिजलेले कापडाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ते आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवून किंवा उघड्यावर पसरून वाळवावेत. घराभोवती दहा फूट पट्टा गवत व पऱ्हाटीपासून मोकळा ठेवावा, आणि भट्टी त्याहून बरीच दूर, वाऱ्याची दिशा पाहून लावावी.

विमा घेताना शब्द तपासावेत. आगीच्या विम्याच्या परिभाषेत लाकडी फळ्यांच्या भिंती सामान्यतः कच्च्या बांधकामात मोडतात. प्रस्तावात ‘घर’ एवढेच लिहून हप्ता वाचवला तर दाव्याच्या वेळी तोच हप्ता महाग पडतो. भूकंपाचे संरक्षण समाविष्ट आहे किंवा नाही हे लेखी घ्यावे.

विक्रेत्याने दिलेला जोडणीचा नकाशा पुष्कळदा मालमोटारीतच राहून जातो. त्यावर प्रत्येक फळीचा क्रमांक असतो. उद्या घर उकलून भावांच्या वाटणीत दुसऱ्या शेतावर न्यायचे झाले तर त्यावाचून काम अडते. त्याची एक प्रत सातबाऱ्याच्या उताऱ्यांसोबत पेढीच्या तिजोरीत ठेवावी आणि दुसरी दाराच्या आतल्या बाजूस, उदईपासून दूर, पत्र्याच्या नळकांड्यात.