ट्रेलर घेताय? आधी ओट्यापाशी उभे राहा

थंडी सरत आली की आपल्या ग्रुपवर दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो, "ट्रेलर घ्यायचा विचार आहे, कोणता घेऊ?" मग उत्तरं येतात ती लांबीची, किमतीची, ओढणाऱ्या गाडीच्या ताकदीची. ओट्याबद्दल कुणीच बोलत नाही. आज मी फक्त त्याबद्दल बोलणार आहे, कारण नेमका तिथेच मी चुकलो होतो.

मी पोटापाण्यासाठी आयटीत सल्ले देतो आणि वर एमबीए, त्यामुळे कुठल्याही खरेदीची सुरुवात एक्सेल शीटने होते. पहिला ट्रेलर घेताना त्या शीटमध्ये २६ रकाने होते. झोपायच्या जागा, वजन, टायर, वॉरंटी, व्याजदर. "किचन" या रकान्यात मी एकच शब्द लिहिला होता, "आहे".

तो ट्रेलर २८ फुटी होता. मागे मुलांसाठी बंक बेड, पुढे आमची झोपायची खोली आणि मधोमध स्वयंपाकघर. तिसऱ्या ट्रिपला आम्ही व्हर्जिनियातल्या शेनांडोआ नॅशनल पार्कमध्ये, बिग मेडोजला होतो. पाऊस पडत होता, म्हणून बायकोने कांदाभजी करायला घेतली. मी बाहेर छताखाली मित्रांबरोबर चहा पीत बसलो होतो. तेवढ्यात धाकटीला बाथरूमला जायचं झालं. ट्रेलरमधली जेमतेम अडीच फुटांची वाट शेगडीसमोरूनच जाते, ती आईच्या पाठीमागून घुसली, धक्का लागला आणि तेल हिच्या मनगटावर उडालं. कढई पालथी झाली नाही हे नशीब. भाजलं की वाहत्या गार पाण्याखाली वीसेक मिनिटं हात धरायचा असतो. पण त्या कँपग्राउंडवर ट्रेलरला ना नळजोडणी ना वीजजोडणी. ४० गॅलनच्या टाकीतलं पाणी दोन दिवस वापरून झालेलं. नळ अगदी बारीक सोडून ती उभी होती आणि मी भिंतीवरच्या पाणी दाखवणाऱ्या दिव्यांकडे बघत होतो.

रात्री ती एवढंच म्हणाली, "अरे, हा घेताना मी कुठे उभी राहणार हे बघितलं होतंस का?" नव्हतं बघितलं.

तर आता मांडणीकडे येऊ. घरातल्या स्वयंपाकघराबद्दल एक जुना ठोकताळा आहे. शेगडी, सिंक आणि फ्रिज यांचा त्रिकोण नीट जमला पाहिजे. १९४०च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात तो मांडला गेला. ट्रेलरमध्ये अंतराचा प्रश्नच नसतो, जागच्या जागी वळलात तरी सगळं हाताशी येतं. इथे प्रश्न वेगळा असतो, तो म्हणजे तुमच्या त्रिकोणातून दिवसभरात किती माणसं ये-जा करणार. हे एकदा लक्षात आलं की सगळे नकाशे वेगळे दिसायला लागतात.

मधलं स्वयंपाकघर सगळ्यात जास्त दिसतं. ओटा एका बाजूला आणि समोर बाहेर सरकणारा भाग, म्हणजे स्लाइड, त्यात जेवायचं टेबल किंवा सोफा. स्लाइड उघडली की ऐसपैस वाटतं. दोन-तीन मुलं असतील तर बहुतेक वेळा हीच मांडणी घ्यावी लागते, कारण बंक मागे जातात. मग निदान एवढं बघा की मुलांना बाथरूमला जाताना शेगडीपुढून जावं लागतं का. काही ट्रेलरमध्ये बाथरूम मागे बंकजवळ असतं आणि त्याला बाहेरून वेगळं दार असतं. त्या एका दाराची किंमत मला बिग मेडोजला कळली.

मागचं स्वयंपाकघर म्हणजे ट्रेलरची शेवटची भिंत ओट्याची. इंग्रजी एल किंवा यू अक्षरासारखा ओटा, बहुधा समोर मोठी खिडकी, खण भरपूर. तिथून पुढे कुणाला जायचंच नसतं, त्यामुळे मागून धक्का लागत नाही. पण दोन गोष्टी सांभाळा. चाकांच्या मागचा भाग रस्त्यावर जास्त उसळतो, त्यामुळे काचेच्या बरण्या तिथे ठेवू नका. आणि वजनाचं गणित नीट समजून घ्या. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार पुढे, म्हणजे गाडीला जोडलेल्या टोकावर हवा. ६,५०० पौंडांचा ट्रेलर असेल तर ६५० ते ९७५ पौंड. शेवटच्या टोकाला कणीक, तांदूळ, बिडाचे तवे आणि कुकर भरलेत की सी-सॉसारखं पुढचं टोक हलकं होतं आणि हायवेवर ट्रेलर डुलायला लागतो. हा डुलणारा ट्रेलर गाडीलाही सोबत फिरवतो. म्हणून जड सामान शक्यतो चाकांच्या आसपास, खाली ठेवा. दाराजवळ एक पिवळा स्टिकर असतो, सामान जास्तीत जास्त किती पौंड भरता येईल ते त्यावर लिहिलेलं असतं. त्याचा फोटो काढून घ्या. पाण्याचं वजन गॅलनला सव्वाआठ पौंडांच्या वर, म्हणजे भरलेली ४० गॅलनची टाकीच सव्वातीनशे पौंडांच्या पुढे जाते.

पुढचं स्वयंपाकघर क्वचित दिसतं. तिथे उलट अडचण, सगळा भार गाडीच्या हुकावर.

बाहेरचं स्वयंपाकघर म्हणजे ट्रेलरच्या कुशीला वर उघडणारं झाकण आणि आत छोटी शेगडी व छोटा फ्रिज. शोरूममध्ये सगळे यावरच भाळतात. तळण, मासे, झणझणीत फोडणी यांसाठी खरंच सोयीचं, कारण वास आत गाद्यांना बसत नाही. पण पावसात आणि डासांत ते बंदच राहतं. शेनांडोआसारख्या अस्वलांच्या भागात तर अन्न आणि खरकटी भांडी बाहेर ठेवता येत नाहीत, प्रत्येक वेळी सगळं आवरून आत. त्याच्यासाठी आतली जागाही जाते. आतला ओटा चांगला असेल तरच याचा विचार करा.

आता आपल्या स्वयंपाकाचं बोलू. हे ट्रेलर बनतात मुख्यत्वे इंडियानातल्या एल्कहार्टच्या परिसरात, आणि बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पॅनकेक, सूप, सँडविच असावं. पोळी नक्कीच नसते. शेगडी बहुधा तीन बर्नरची, पण बर्नर इतके जवळ की मोठा तवा ठेवला की शेजारी कढई मावत नाही. वर मायक्रोवेव्ह. कुकरची शिट्टी झाली की वाफ थेट त्याच्या बुडाला. पोळपाट ठेवायला सपाट जागा बघावी तर सिंकवर झाकण टाकावं लागतं, आणि मग हात कुठे धुणार?

फोडणीचा धूर हा स्वतंत्र विषय आहे. शेगडीवरचा पंखा हवा बाहेर फेकतो की गाळून परत आतच सोडतो, हे विचारून घ्या. बाहेर फेकणारा असेल तर बाहेरच्या भिंतीवर त्याची एक झडप असते. प्रवासात ती खिट्टी लावून बंद करतात आणि मुक्कामाला पोचल्यावर हाताने उघडावी लागते. आम्हाला हे माहीतच नव्हतं. पहिल्याच मोहरीला धुराचा अलार्म असा कोकलला की शेजारचे आजोबा धावत आले. ती झडप त्यांनीच दाखवली. मग रात्री दोन वाट्या आमटी पोचवली. जमिनीलगत आणखी एक अलार्म असतो, तो प्रोपेन गॅसचा. प्रोपेन हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणून तो खाली. त्याच्यापुढे कणकेची पिशवी ठेवू नका.

"मी इंडक्शन आणि इन्स्टंट पॉटवरच करीन" असं कुणी म्हणेल. तर हिशेब ऐका. साधारण ट्रेलरला ३० अँपिअरची जोडणी असते. १२० व्होल्टवर ती झाली ३,६०० वॉट. एसी सुमारे १३ अँपिअर घेतो, मायक्रोवेव्ह १२-१३, इन्स्टंट पॉट आठेक. तिन्ही एकदम चालवलीत की ब्रेकर पडलाच. शेनांडोआ काय किंवा मेरीलँडमधलं ॲसाटीगचं नॅशनल पार्कचं कँपग्राउंड काय, तिथे वीजजोडणीच नाही. तिथे गॅसच कामाला येतो. जुन्या पद्धतीचा फ्रिज गॅसवर आणि विजेवर दोन्ही चालतो, पण ट्रेलर सपाट जागेवर उभा हवा. हल्ली १२ व्होल्टचे फ्रिज जास्त येतात, ते लवकर गार होतात, पण बॅटरी आणि सोलर चांगलं हवं.

सांडपाण्याची टाकी विसरू नका. डाळीचं, तांदळाचं खरकटं आणि तेल तिच्यात गेलं की वास मारतो आणि टाकीतली मोजणी बिघडते. ताटं आधी कागदाने पुसायची, मग धुवायची. आमच्या आईला हे पटवायला एक अख्खी ट्रिप गेली. "पुसायचंच तर मग धुवायचं कशाला?" या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

दोन सीझननंतर तो ट्रेलर आम्ही तोट्यात विकला. तोटा एवढा, की तेवढ्यात चार-पाच वेगवेगळ्या मांडण्यांचे ट्रेलर एकेक वीकएंड भाड्याने घेऊन बघता आले असते. तुम्ही तेच करा, निदान दोन तरी. आणि भाड्याच्या ट्रेलरमध्ये पिझ्झा मागवू नका. वरण-भात, पोळ्या, एक भाजी करा आणि भांडी घासा.

दुसऱ्या वेळी सप्टेंबरमध्ये हर्शीच्या आरव्ही शोला गेलो. न्यू जर्सीहून दिवसभरात जाऊन येता येतं, आणि शेकडो ट्रेलर एकाच ठिकाणी बघायला मिळतात. या वेळी बायकोने पिशवीत पोळपाट-लाटणं आणि घरचा तवा घेतला होता. प्रत्येक ट्रेलरमध्ये ती ओट्यावर पोळपाट मांडायची, तवा शेगडीवर ठेवायची आणि मला सांगायची, "आता तू माझ्या मागून बाथरूमला जाऊन ये." मुलीला म्हणायची, "तू फ्रिज उघड." विक्रेत्याला आधी गंमत वाटली. मग तिने त्याला स्लाइड बंद करायला लावली. स्लाइड बंद असताना फ्रिज आणि बाथरूमपर्यंत पोचता येत नसेल, तर आय-८१वर रेस्ट एरियात थांबल्यावर मुलांना डबा कुठून देणार? सहा ट्रेलर इथेच बाद झाले.

शेवटी घेतला तो २४ फुटी, मागे स्वयंपाकघर असलेला. बंक नाहीत. धाकटी जेवणाच्या टेबलाची खाट करून झोपते, थोरला बाहेर तंबूत, आणि त्याला तेच आवडतं. ओट्याची खिडकी उघडी असली की बाहेर शेकोटीपाशी बसलेल्यांशी गप्पा मारता येतात. पोळ्या बरेचदा मी लाटतो. अजून गोल होत नाहीत. मुख्य म्हणजे तळण आता आत होतच नाही. सपाट जमिनीवर, छतापासून लांब, वेगळ्या शेगडीवर होतं आणि मुलं लांब असतात.

जाता जाता एक. बाल्टिमोरच्या बंदराखालच्या बोगद्यांतून प्रोपेनची टाकी असलेला ट्रेलर नेता येत नाही. दक्षिणेकडे निघालात की ६९५ने पश्चिमेकडून वळसा घाला, आणि निघण्याआधी गॅसची तोटी बंद केलीत ना ते बघा. पुढच्या भागात हिच आणि ब्रेकबद्दल बोलू.