मुलांना उत्तर दिशा ‘वर’ का वाटते? इतिहास-भूगोल शिकवताना नेमकं कुठे चुकतं?

चौथीतल्या एखाद्या मुलाला विचारा, उत्तर दिशा कुठे आहे? बरीच मुलं छताकडे बोट दाखवतात. यात त्यांची चूक नाही. नकाशा कायम भिंतीवर टांगलेला असतो आणि ‘वर उत्तर, खाली दक्षिण’ असं पाठ करून घेतलेलं असतं. मूल ते ऐकतं आणि आकाशाकडे बघतं.

इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्राची बहुतेक गाडी इथेच अडते. शब्द पाठ होतात, पण अर्थ पोहोचत नाही. मग हे विषय लहान मुलांना शिकवायचे कसे?

आधी वर्ग, मग जग

महाराष्ट्रात तिसरी ते पाचवीला हे विषय ‘परिसर अभ्यास’ म्हणून शिकवले जातात. बालभारतीने तिसरीचं पुस्तक तर प्रत्येक जिल्ह्यासाठी वेगळं काढलं होतं. कारण साधं आहे: मुलाला आधी आपली नदी, आपला बाजार, आपला तालुका कळतो.

नकाशाचंही तसंच. तो भिंतीवरून काढून जमिनीवर पसरा. सूर्य उगवतो ती बाजू बघून नकाशाची पूर्व तिकडे फिरवा. आता उत्तर छतात राहत नाही, शाळेच्या फाटकाकडे किंवा शेजारच्या शेताकडे जाते. त्यानंतर मुलांनी वर्गाचा आणि घर ते शाळा रस्त्याचा नकाशा स्वतः काढला, की चिन्हं आणि प्रमाण म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागत नाही.

इतिहासासाठी एक दोरी

‘खूप वर्षांपूर्वी’ म्हणजे किती? आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी आजीचं लहानपण आणि शिवकाळ जवळपास एकच. त्यावर उपाय म्हणजे दोरी. एका सेंटीमीटरला 1 वर्ष धरा आणि दोरीचं एक टोक म्हणजे ‘आज’.

मुलाचा स्वतःचा जन्म वीतभरही लांब नाही. 1960 साली महाराष्ट्र राज्य झालं, ती खूण साधारण 65 सेंटीमीटरवर. आजीचा जन्म तिच्याच आसपास कुठेतरी. 1630 साली शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला, ती खूण जवळपास 4 मीटरवर. आणि सुमारे 4,500 वर्षांपूर्वीची सिंधू संस्कृतीची शहरं? त्यासाठी दोरी 45 मीटर हवी, म्हणजे वर्ग सोडून मैदानात जावं लागतं. ते अंतर चालून गेलेलं मूल सनावळी विसरेल, पण काळ विसरत नाही.

बंद दिव्याची तक्रार कुणाकडे?

नागरिकशास्त्रात ‘ग्रामपंचायतीची कामे लिहा’ हा ठरलेला प्रश्न. त्याऐवजी विचारा, आपल्या गल्लीतला दिवा बंद आहे, तर सांगायचं कुणाला? मुलांनी अर्ज लिहावा, ग्रामपंचायतीत किंवा वॉर्ड ऑफिसात जाऊन यावं. महाराष्ट्रात या संस्थांमध्ये महिलांना 50 टक्के आरक्षण आहे. ते का लागलं, यावर पाचवीची मुलंही चांगली बोलतात.

पण परीक्षेचं काय?

खरी अडचण हीच. पेपरात व्याख्या विचारल्या, तर शिक्षकही व्याख्याच घोकून घेणार. मध्य प्रदेशात ‘एकलव्य’ संस्थेने 1986 पासून काही सरकारी शाळांत सहावी ते आठवीसाठी वेगळी पुस्तकं आणली आणि परीक्षाही बदलली. मुलं पुस्तक उघडून पेपर सोडवायची. उत्तर पाठ असून भागत नसे, ते शोधून, तुलना करून लिहावं लागे. 2002 मध्ये हा कार्यक्रम थांबला, पण शिकवणं बदलायचं तर प्रश्नपत्रिकाही बदलावी लागते, हे त्यातून दिसलं.

एवढी खटपट कशासाठी?

कारण हीच मुलं उद्या मतदार होणार आहेत. त्याआधीच त्यांच्या मोबाईलवर ‘खरा इतिहास’ म्हणून फॉरवर्ड येणार आहेत. तेव्हा पाठ केलेली सनावळी कामी येणार नाही. ‘हे कशावरून?’ असं विचारायची सवय कामी येईल.

ती सवय घरीही लावता येते. आज रात्री मुलांना आजी-आजोबांकडे पाठवा, एकच प्रश्न देऊन: तुम्ही शाळेत असताना गावात काय होतं, जे आता नाही? दोघांची उत्तरं वेगळी आली, तर उत्तमच. खरं कोणाचं, हे शोधायला मूल आपणहून निघेल.