खासगी बाडापासून जाहीर पानापर्यंत

पेशव्यांच्या रोजकीर्दींची महती वाचकांना नव्याने सांगण्याचे कारण नाही. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले उतारे आणि पुढे गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातून सिद्ध केलेले ४५ खंड यांच्यावर अभ्यासकांच्या पिढ्या पोसल्या आहेत. परंतु तो सारा सरकारी शिरस्त्याचा मजकूर. माणसाने स्वतःच्या मनाशी केलेले निवेदन चारचौघांपुढे येते तेव्हा त्याची काय गत होते, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

पानिपतातून जीव वाचवून परतलेल्या नाना फडणिसांनी आपल्या आत्मवृत्तात मनातील वासनांची जी कबुली दिली आणि त्या धामधुमीत अंतरलेल्या मातेविषयी जो शोक व्यक्त केला, तो स्वर त्यांच्या पुढील कारभारी पत्रांत क्वचितच ऐकू येतो. दादोबा पांडुरंगांचे आत्मचरित्र त्यांच्या निधनानंतर कितीतरी वर्षांनी, १९४७ साली, अ. का. प्रियोळकरांनी प्रकाशात आणले. रमाबाई रानड्यांच्या १९१० सालच्या आठवणी आणि १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घरोघर वाचली गेली आहेत. त्यांविषयी येथे अधिक लिहीत नाही.

थांबायचे आहे ते विष्णुभट गोडसे यांच्यापाशी. पेणजवळच्या वरसईचा हा ऋणग्रस्त भिक्षुक बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने १८५७ साली चुलत्यासह उत्तरेकडे निघाला आणि थेट बंडाच्या वणव्यात सापडला. झाशीचा वेढा, शहराची लूट, कत्तल हे सारे त्याने डोळ्यांनी पाहिले. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी तहानेने व्याकूळ झालेली राणी लक्ष्मीबाई त्याला भेटली, तो पाणी शेंदून द्यावयास पुढे झाला, आणि विद्वान ब्राह्मणाला हे श्रम नकोत म्हणून तिने पाणी स्वतःच शेंदले. लढाईच्या बखरीत हा प्रसंग आला नसता. तो आला, कारण सांगणारा स्वतः त्या विहिरीशी उभा होता.

चिंतामण विनायक वैद्यांच्या आग्रहावरून भटजींनी हे सारे १८८३ साली लिहून काढले. इंग्रज सरकारच्या धास्तीने ते त्यांच्या हयातीत छापले गेले नाही, आणि १९०७ साली छापले गेले ते वैद्यांनी भाषेत व मजकुरात फेरफार करून. भटजींकडून लिहवून घेतल्याबद्दल महाराष्ट्र वैद्यांचा ऋणी आहे. पण मुळाबरहुकूम ‘माझा प्रवास’ वाचकांच्या हाती पडण्यास दत्तो वामन पोतदारांची १९६६ सालची आवृत्ती यावी लागली. काही पंडित आजही म्हणतात की, संस्कार केल्यावाचून असले लेखन वाचनीय होत नाही, आणि पंचवीस वर्षांनी लिहिलेल्या आठवणींना पुरावा म्हणून मोल नाही. मला दोन्ही आक्षेप अमान्य आहेत. तारखा अन्य दस्तऐवजांवरून पडताळता येतात. दक्षिणेची आस, भूक, भय आणि तोंडची बोली यांची नक्कल मात्र दुसऱ्या कोणत्याही कागदात मिळत नाही.

माझ्या तरुणपणी आमच्या परिचयाचे एक शाळामास्तर वारले. त्यांच्या रोजनिशीची वही मी पाहिली होती. एका पानावर भाताचा भाव, धाकट्याचा ताप, आणि खाली बारीक अक्षरात, पत्नीची पाटली सावकाराकडे गहाण टाकल्याची नोंद होती. तिच्यापुढे, ती विचारील तेव्हा काय सांगावे, एवढेच लिहिलेले होते. कुटुंबीयांनी वर्षश्राद्धाला त्या वह्यांतून एक पुस्तिका छापली. तीत सत्कार आले, तपासनीसांचे शेरे आले, पाटली गळाली. मूळ वह्या त्यानंतर रद्दीत गेल्या, याची हळहळ मला आजही वाटते.

अलीकडे रात्री लिहिलेली अनुदिनी उजाडण्यापूर्वी जगापुढे जाते. ज्यांना संपादकांनी दारात उभे केले नसते अशांनाही त्यामुळे वाणी लाभली, हा लाभ लहान नव्हे. परंतु लिहितानाच वाचकाची मुद्रा डोळ्यांपुढे असल्यामुळे प्रवास, भोजन, पुरस्कार यांचे तपशील विपुल येतात आणि गहाण पडलेली पाटली येत नाही. पूर्वी वारसांची कात्री लेखनानंतर चालत असे व मूळ बाड उरले तर झालेली हानी भरून निघत असे. आता ती लेखकाच्याच हाती आली असून लिहिण्यापूर्वीच चालते, आणि जे लिहिलेच गेले नाही ते कोणता पोतदार उजेडात आणणार?

म्हणून माझा आग्रह दुहेरी आहे. जाहीर लिहिणाऱ्यांनी अवश्य लिहावे, पण कोणाला दाखवायची नाही अशी एक वही घरात ठेवावी. आणि ज्यांच्या माळ्यावर वडीलधाऱ्यांच्या रोजनिश्या पडून आहेत त्यांनी त्या एकही पान न काढता एखाद्या ग्रंथसंग्रहालयाच्या स्वाधीन कराव्यात, हवी तर अमुक वर्षांपर्यंत उघडू नयेत अशी अट घालून. गोडसे भटजींचे मूळ बाड भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात राहिले, म्हणूनच ते पुन्हा छापता आले.