हाक किती दूर जाते?

कामापुरतं तंत्र : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण जीपीएसवर जागा अचूक नोंदवायला शिकलो. पण ती जागा दुसऱ्याला लगेच कळवायची झाली तर? बुद्धपौर्णिमेच्या रात्री भंडारा जिल्ह्यातल्या कोक्याच्या जंगलात पाणवठ्यावर मचाणावर बसून पाहा. मोबाइल खिशात असतो, रेंज नसते. नाक्यावरच्या वनरक्षकाच्या हातातला वायरलेस मात्र अधूनमधून खरखरत असतो. हा वायरलेस, म्हणजेच वॉकीटॉकी, आपल्या छोट्या प्रकल्पाला परवडेल का आणि कोणता घ्यावा, हा आजचा विषय.

एक उदाहरण धरून चालू. समजा, लाखनी-साकोली पट्ट्यात माजी मालगुजारी तलावांवर एक संस्था काम करते आहे. बेशरमाची झुडपं उपटायची, पाणवनस्पती लावायच्या, मासे-पक्ष्यांच्या नोंदी घ्यायच्या. सहा माणसं, तीन तलाव, एक जीप. सगळा पसारा आठ-दहा किलोमीटरचा.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला : ‘किती किलोमीटर जाते?’ खोक्यावर मोठा आकडा छापलेला असतो. तो विसरा. वॉकीटॉकीच्या रेडिओ लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. त्यामुळे सेट जमिनीपासून जितका उंच, तितकं त्याचं क्षितिज लांब. हिशेब सोपा आहे : उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा. क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. उभ्या माणसाच्या तोंडाजवळचा सेट दीड मीटरवर असतो. त्याचं क्षितिज पाच किलोमीटर. समोरचाही तसाच उभा असेल तर दोघांचं मिळून दहा. हेही धानाच्या उघड्या बांध्यांवर, मध्ये काही आडवं नसताना. कोक्यासारख्या झाडी-टेकड्यांच्या भागात तेच सेट एक-दोन किलोमीटरवर गप्प होतात.

मग जास्त वॅटचा सेट घ्यावा का? शक्ती दुप्पट केली तर मोकळ्या जागेतही अंतर दुप्पट होत नाही, फार तर १.४ पट होतं. आणि टेकडी किंवा क्षितिज आड आलं की तेवढाही फायदा उरत नाही. बॅटरी मात्र लवकर बसते. पाच वॅटचा सेट बोलताना साधारण दीड अँपिअर ओढतो, नुसता ऐकायला ठेवला तर त्याच्या दशांशाहूनही कमी. खोक्यावरचे बॅटरीचे तास बहुधा पाच टक्के बोलणं, पाच टक्के ऐकणं आणि नव्वद टक्के शांतता असं धरून काढलेले असतात. आपली माणसं किती बोलतात, हे आपल्याला ठाऊकच आहे! म्हणून वाढीव वॅटऐवजी प्रत्येक सेटमागे एक जादा बॅटरी घ्या.

दुसरा प्रश्न व्हीएचएफ की यूएचएफ. दीडशे मेगाहर्ट्झच्या आसपासच्या व्हीएचएफची लहर दोन मीटरची. ती झाडोऱ्यातून तुलनेने बरी निभावते. साडेचारशेच्या यूएचएफची लहर सुमारे ६७ सेंटिमीटरची. पानांत ती जास्त अडते, पण इमारतींच्या खिडक्या-दारांतून बरी शिरते. आणखी एक मेख अँटेनात आहे. चांगल्या अँटेनाची लांबी लहरीच्या पाव भागाइतकी हवी. यूएचएफला सतरा सेंटिमीटर पुरतात, व्हीएचएफला पन्नास. हातातल्या व्हीएचएफ सेटवर गुंडाळून बसवलेली आखूड रबरी अँटेना असते, ती बरीच शक्ती वाया घालवते. म्हणून जंगलकामाला व्हीएचएफ घेतलात तर जीपच्या टपावर पूर्ण लांबीची अँटेना आणि आत २५ वॅटचा सेट, एवढी जोड द्या. जीप मधल्या तलावावर उभी राहिली की तीच संस्थेची चौकी.

आता परवान्याचं. इथे स्वस्ताईच्या नादात अनेक जण फसतात. ऑनलाइन मिळणारे बरेच स्वस्त सेट कुठल्याही लहरीवर बोलू देतात, अगदी पोलिसांच्या किंवा वनखात्याच्याही. ते वापरणं गुन्हा ठरू शकतं. अशा विक्रीला आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. विनापरवाना वापरता येतात ते ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी शक्तीचे सेट, तेही सरकारी मान्यतेचं प्रमाणपत्र असलेले. एका तलावावरच्या माणसांना आपसात बोलायला ते पुरतात. तीन तलाव जोडायचे तर केंद्राच्या दूरसंचार विभागातल्या डब्ल्यूपीसी शाखेकडून लहर आणि परवाना घ्यावा लागतो. तो खर्च सेटच्या किमतीत आधीच धरा. ‘हॅम’, म्हणजे हौशी रेडिओ, हा तिसरा रस्ता काहींना सुचतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात हॅम मंडळींनी निरोप पोचवण्याचं मोलाचं काम केलं, हे खरं. पण तो परवाना परीक्षा देऊन व्यक्तीला मिळतो आणि संस्थेच्या रोजच्या कामकाजासाठी तो वापरता येत नाही.

यंत्र गरजेवरून कसं निवडावं, यासाठी आफ्रिकेचा दाखला बघण्यासारखा आहे. काँगो किंवा दक्षिण सुदानमध्ये मदतकार्याच्या गाड्यांवर उंच, झुलत्या अँटेना दिसतात. त्या एचएफ रेडिओच्या. त्यांच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परततात आणि शेकडो किलोमीटर पार करतात. तिथे दोन ठाण्यांच्या मध्ये ना टॉवर ना धड रस्ता, म्हणून तो खर्च सार्थकी लागतो. भंडाऱ्याहून नागपूर साठ-पासष्ट किलोमीटर. आपल्याला एचएफ नको. पण आधी अंतर आणि भूभाग, मग यंत्र, हा त्यांचा क्रम मात्र हवा.

आणि ही तयारी आधीच हवी, कारण गरज सांगून येत नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, गोसेखुर्द धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले आणि भंडारा शहरासह नदीकाठची गावं पाण्यात गेली. मोबाइलचा टॉवर विजेवर जगतो. हातातला सेट चार्ज केलेला असेल तर त्याला कुणाची मध्यस्थी लागत नाही.

म्हणून खरेदीआधी एक दिवस काढा. मान्यताप्राप्त सेटची एक जोडी मागून आणा, एकाला जीपपाशी ठेवा, दुसऱ्याने तिन्ही तलाव फिरावेत. आवाज कुठे तुटतो ते नकाशावर खुणा करून ठेवा. तुटलेल्या जागी नवा सेट घेण्याआधी तलावाच्या पाळीवर चढा. पाच मीटरच्या पाळीवर उभं राहिलं की तुमचं क्षितिज पाचावरून साडेदहा किलोमीटर होतं. इथल्या कोहळी समाजाने ती पाळ पाणी अडवायला बांधली. हाक पुढे सरकवायलाही ती कामी येते, आणि तीही फुकट.

पुढील आठवड्यात : शेतावर सेट आणि बॅटऱ्या चार्ज करण्यासाठी सौर पॅनेलचा हिशेब.