सर्व्हरसमूहातील सामायिक नोंदीचे स्वामित्व

एकाच नोंदीवर अनेक संगणकांनी काम करावयाचे, तर ती नोंद बदलण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रथम ठरवावे लागते. बँकेतील एका खात्याचे उदाहरण घेऊ. खात्यात ५,००० रुपये शिल्लक आहेत. एका सर्व्हरकडे ३,००० रुपये काढण्याची व दुसऱ्याकडे ४,००० रुपये काढण्याची मागणी एकाच क्षणी आली. दोघांनीही शिल्लक वाचली, दोघांनाही ती पुरेशी दिसली आणि दोघांनीही रक्कम दिली. प्रत्येकाचा हिशेब आपल्यापुरता बिनचूक आहे. बँकेचे २,००० रुपये मात्र गेले. ही आपत्ती टाळण्यासाठी नोंद बदलण्याचा अधिकार एका वेळी एकाच सर्व्हरकडे ठेवतात. या अधिकारासच प्रस्तुत लेखात स्वामित्व म्हटले आहे. ते देणे सोपे असते. काढून घेणे कठीण. या काठिण्याचे स्वरूप व त्यावरील उपाय यांचा येथे विचार करावयाचा आहे.

स्वामी सर्व्हर उत्तर देईनासा झाला, तर तो बंद पडला असे समजावे, की केवळ त्याच्याशी असलेला संपर्क तुटला असे समजावे? दूरच्या सर्व्हरला दोन्ही प्रसंगी केवळ मौनच अनुभवास येते. हे काही आपल्या साधनांचे उणेपण नव्हे. निरोप पोचण्याच्या कालावधीला जेथे कसलीच मर्यादा नाही, अशा जाळ्यात एक जरी घटक बंद पडण्याचा संभव असला, तरी निव्वळ ठराविक नियमांनी चालणारी कोणतीही रीत सर्वांचे एकमत हमखास घडवून आणू शकत नाही, असे फिशर, लिंच व पॅटर्सन यांनी १९८५ साली सिद्ध केले. सारांश, मौनाचा अर्थ निश्चित करता येत नाही. त्याचा अर्थ चुकला तरी नोंद शाबूत राहील, अशी व्यवस्था मात्र करता येते.

तिचा पहिला भाग म्हणजे मुदत. कॅरी ग्रे व डेव्हिड चेरिटन यांनी १९८९ साली ही कल्पना मांडली. जमीन जशी ठराविक मुदतीच्या पट्ट्याने देतात, तसा नोंदीवरील अधिकारही मुदतीने द्यावा. स्वामीने मुदतीपूर्वी नूतनीकरण केले, तर पट्टा पुढे चालेल. न केल्यास अधिकार आपोआप संपेल. तो जिवंत आहे की नाही, याची चौकशी करण्याचे प्रयोजनच उरत नाही.

तथापि एवढ्याने भागत नाही. समजा, पट्टा १० सेकंदांचा आहे. तो चालू असल्याची खात्री करून घेऊन स्वामी लिहू लागणार, तोच स्मृतीची साफसफाई किंवा अशाच एखाद्या अंतर्गत कामासाठी त्याचा कार्यक्रम १५ सेकंद थबकला. दरम्यान पट्टा दुसऱ्याकडे गेला. पहिला सर्व्हर भानावर येतो तेव्हा त्याच्या लेखी मधला काळ गेलेलाच नसतो. तो निःशंकपणे लिहून मोकळा होतो. यावरील उपाय असा की, प्रत्येक पट्ट्यास चढता क्रमांक द्यावा आणि लिहिताना तो दाखविणे सक्तीचे करावे. भांडाराने ३४ क्रमांक एकदा पाहिला, की ३३ क्रमांकाचे लेखन त्याने नाकारावे. गूगलच्या ‘चबी’ या कुलूप-व्यवस्थेचे वर्णन माइक बरोज यांनी २००६ साली प्रसिद्ध केले. त्यात अशा क्रमांकाची योजना आढळते. येथे एक मर्म ध्यानी घ्यावे. अधिकार आहे की नाही, याचा अखेरचा निर्णय अधिकार सांगणाऱ्याकडे न राहता नोंद सांभाळणाऱ्याकडे आला.

आता हे पट्टे द्यावयाचे कोणी? एकाच सर्व्हरवर ते काम सोपविले, तर तो बंद पडताच सर्वच व्यवहार थांबेल. म्हणून ते पाच सर्व्हरांच्या मंडळाकडे देतात व तिघांच्या संमतीने निर्णय करतात. पाचांतील कोणतेही दोन त्रिक घ्या, त्यांत निदान एक सर्व्हर सामाईक असतोच; त्यामुळे परस्परविरोधी दोन निर्णय संमत होऊ शकत नाहीत. लेस्ली लॅम्पोर्ट यांची १९९८ साली प्रसिद्ध झालेली पॅक्सॉस रीत आणि ऑन्गारो व ऑस्टरहाउट यांची २०१४ सालची राफ्ट रीत याच तत्त्वावर उभ्या आहेत.

परंतु बहुमताने स्वामी निवडला म्हणजे सर्व साधले, असे मानणे धोक्याचे आहे. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या संस्थेचे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मुख्य केंद्र उपकरण बदलण्याच्या कामात जाळ्यापासून तुटले. संपर्क ४३ सेकंदांतच पूर्ववत झाला. पण तेवढ्या अवधीत राफ्ट रीतीवर चालणाऱ्या व्यवस्थेने बहुमताने पश्चिम किनाऱ्यावरील डेटाबेसांकडे स्वामित्व सोपविले होते. पूर्वेकडे स्वीकारलेली काही लेखने पश्चिमेस पोचलीच नव्हती आणि पश्चिमेस नवी लेखने सुरू झाली. एका व्यस्त समूहात अशी अडकलेली लेखने ९५४ होती. दोन्हींकडील नोंदी जपण्यासाठी संस्थेने सेवा लवकर सुरळीत करण्याचा मोह टाळला. परिणामी २४ तास ११ मिनिटे सेवा विस्कळीत राहिली. निवड नियमाप्रमाणेच झाली होती. परंतु जुन्या स्वामीची स्वीकृत लेखने नव्या स्वामीकडे पोचलेली असतीलच, अशी तजवीज नव्हती.

यावरून स्वामित्वाची अखेरची अट निष्पन्न होते. लेखन बहुसंख्य प्रतींत उतरल्याखेरीज स्वामीने ‘झाले’ असे उत्तर देऊ नये. या अटीची किंमत द्यावी लागते. दूरच्या केंद्राची वाट पाहण्यात प्रत्येक लेखनास विलंब होतो, आणि बहुमत जुळले नाही तर लेखन थांबवावे लागते. चित्रपटाच्या आवडीनिवडीच्या नोंदीसाठी ही किंमत कदाचित जड वाटेल. बँकेच्या शिलकेसाठी वा रुग्णाच्या औषधाच्या नोंदीसाठी ती अल्पच म्हटली पाहिजे. म्हणून व्यवस्था आखताना प्रत्येक नोंदीविषयी आधीच ठरवावे : प्रसंग आला असता ती क्षणभर अनुपलब्ध झालेली चालेल, की चुकीची झालेली चालेल? संपर्क तुटल्यावर हा प्रश्न विचारण्यास ४३ सेकंदही पुरत नाहीत.