यीस्टचा हिशेब आणि हत्तीची लीद

यीस्ट माणसाच्या हौसेखातर मद्य बनवत नाही. साखर फोडताना त्याची एका जागी गाडी अडते आणि अल्कोहोल हा त्यातून काढलेला मार्ग असतो.

गाडी अडते ती ‘एनएडी’ या छोट्या रेणूपाशी. ग्लुकोज फुटताना निघणारे इलेक्ट्रॉन तो उचलतो आणि त्याचा एनएडीएच होतो. पेशीत त्याचा साठा तुटपुंजा. भाड्याच्या सायकलीसारखा तो परत आला, तरच पुढच्या गिऱ्हाइकाची सोय. हवा नसेल तर यीस्ट हे इलेक्ट्रॉन ॲसिटाल्डिहाइडच्या गळ्यात मारते. त्याचे इथेनॉल होते, एनएडी मोकळा होतो.

एन्झाइमच्या अशा मदतनिसांना कोफॅक्टर म्हणतात. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांनी यीस्टचा रस जिलेटिनच्या गाळणीतून दाबाने गाळला. वर उरलेला भाग साखर आंबवेना, खाली उतरलेला द्रवही आंबवेना. दोन्ही एकत्र करताच फसफस सुरू! द्रव उकळला तरी त्याचा गुण जात नव्हता. म्हणजे त्या द्रवातला घटक एन्झाइम नव्हता, मदतनीस होता. हे १९०६ मध्ये छापून आले. हार्डन यांना नोबेल मिळायला १९२९ उजाडले.

तोवर जर्मनीने यीस्टच्या या इलेक्ट्रॉनांच्या हिशेबात ढवळाढवळ करून पाहिली होती. पहिल्या महायुद्धात नाकेबंदीमुळे तिथे तेल-चरबीचा तुटवडा पडला आणि स्फोटकांसाठी ग्लिसरीन मिळेना. आंबवणाच्या टाकीत सल्फाइट घातले, की ते ॲसिटाल्डिहाइडला जखडून ठेवते. मग यीस्टला इलेक्ट्रॉन दुसरीकडे खपवावे लागतात आणि ग्लिसरीन तयार होते. हे उत्पादन महिन्याला सुमारे १००० टनांवर गेले होते.

जस्त, मॅग्नेशियम, थायमिन हीही कोफॅक्टरांच्याच पंगतीतली मंडळी. जस्ताशिवाय यीस्टचे अल्कोहोल डिहायड्रोजनेज कामच करत नाही.

आजची डोकेदुखी झायलोजची. पेंढा आणि उसाच्या चिपाडात ही साखर भरपूर असते, पण साधे यीस्ट ती आंबवू शकत नाही. इतर बुरशींची दोन एन्झाइमे त्यात घातली, तर पहिले मुख्यतः एनएडीएचचे भावंड एनएडीपीएच खर्च करते, दुसरे एनएडी. हिशेब जुळत नाही आणि वाटेतले झायलिटॉल तसेच साचते. तोडगा मिळाला आशियाई हत्तीच्या लिदेतल्या पायरोमायसिस बुरशीत. तिच्या झायलोज आयसोमरेजला या दोन्हींची गरजच नसते. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या संशोधकांनी २००३ मध्ये ते यीस्टमध्ये उतरवले.

महाराष्ट्रातले साखर कारखाने इथेनॉल मुख्यतः मळी आणि उसाच्या रसातून काढतात. तिथे झायलोजची पंचाईत नाही. चिपाडाकडे वळणाऱ्या कारखान्याने मात्र यंत्रांच्या किमतीआधी यीस्टची जात विचारावी.